पुलाच्या बदल्यात मत

मंडळाच्या सभासदांसाठी खोलीबाहेर ठेवलेल्या बशीतून थ्वेट सरांनी चॉकलेटचं बिस्किट उचललं, अर्धं तोडून तोंडात टाकलं आणि उरलेलं अर्धं खुशाल परत बशीत ठेवलं. दाराआड बसलेल्या मंडळींची लायकी त्याहून जास्त नाही, असं त्यांचं मत होतं. मग ते व्हरांड्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय पसरून बसले.

आत त्यांच्याच विषयाचा निकाल लागायचा होता. यॉर्कशरमधल्या या लहानशा कॉलेजात ते वीसेक वर्षं ब्रिटिश आणि अमेरिकन राजकारण शिकवत आले होते. आता दोन्ही वर्षांची मिळून जेमतेम डझनभर टाळकी उरली होती आणि सप्टेंबरपासून नवे विद्यार्थी घेऊ नयेत, विषय हळूहळू बंदच करावा, असा ठराव व्यवस्थापन मंडळापुढे आला होता. विषय गेला की सरही गेले. पन्नाशी उलटलेल्या, जिभेला हाड नसलेल्या मास्तराला दुसरीकडे कोण दारात उभं करणार?

आणि हे ठरवणार कोण, तर पिकल्स. मंडळाचा अध्यक्ष. माणसानं जन्मभर लोकांना ओल आलेली घरं कोरडी म्हणून विकली आणि निवृत्त झाल्यावर हा शिक्षणाचं भलं करायला निघाला. त्याच्या शेजारी पाद्रीबुवांची बायको, जी शेवटी बोललेल्या माणसाच्या बाजूनं मान डोलवायची. पलीकडे प्राचार्या ऑर्मरॉडबाई. 'दूरदृष्टी' हा शब्द उच्चारल्याशिवाय या बाईंच्या घशाखाली चहा उतरत नसे. सरांना त्या सगळ्यांची मनापासून किळस यायची.

तशी ती त्यांना राजकारण करणाऱ्या प्रत्येकाचीच यायची. त्यांचं शिकवणं त्या तिटकाऱ्यावरच चालायचं, आणि फर्मास चालायचं. पार्लमेंटमधले खासदार म्हणजे पक्षाच्या प्रतोदानं हुर्र केलं की मत द्यायला मुकाट्यानं एका दारात शिरणारी मेंढरं. अमेरिकेतले सिनेटर तर विचारूच नका. विधेयक मारायचं म्हणून रात्रभर उभं राहून वाट्टेल ते बरळणारे, आणि आपल्या राज्यात एक पूल बांधून मिळतोय म्हटल्यावर सकाळी त्याच विधेयकाला मत देऊन मोकळे होणारे. "एका पुलासाठी!" असं म्हणत सर हातातला मार्कर टेबलावर आपटायचे. मुलं पोट धरून हसायची.

मंडळात दोन तट पडलेत आणि मतं सारखी आहेत, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे सगळी मदार ब्रायनी मेटकाफवर. मुलांनी निवडून दिलेला एक प्रतिनिधी मंडळावर बसे आणि त्याच्या मताला बाकीच्यांइतकंच वजन असे. यंदा ती ब्रायनी होती. दूरच्या खोऱ्यातल्या खेड्यातली, फारसं न बोलणारी, थ्वेट सरांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. गेला आठवडाभर दुपारच्या सुट्टीत सरांनी तिला पढवलं होतं. दुरुस्ती कधी सुचवायची, बोलणं कुठवर ताणायचं, कुंपणावर बसलेल्या माणसाला आपल्याकडे कसं ओढायचं. सरांना आत जायची सोय नव्हती, पण ब्रायनी होती. त्यांना घोर नव्हता.

दार उघडलं आणि ब्रायनी खांद्यावर दप्तर घेऊन बाहेर आली. आत सभा चालूच होती. सहाच्या बसची वेळ झाली म्हणून ती मध्येच निघाली होती. दार तिनं ओढलं, पण ते नीट लागलं नाही.

"आपला विषय बंद झाला, सर."

सर उभे राहिले. एक शिवी त्यांच्या ओठांवर आली, ती त्यांनी गिळली.

"कोण फुटलं? ती पाद्रीण ना? मला माहीतच होतं."

"नाही. त्या शेवटपर्यंत आपल्याच बाजूनं होत्या." तिनं दप्तराचा पट्टा सारखा केला. "मी दिलं मत."

सरांना आधी कळलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं, वर्गात उत्तर द्यावं तसं, न अडखळता. खोऱ्याकडे जाणारी कॉलेजची संध्याकाळची बसही सप्टेंबरपासून बंद होणार होती. ती गेली की चारनंतर प्रयोगशाळेत किंवा वाचनालयात थांबणं तिकडच्या मुलांना जमणार नव्हतं, आणि निम्म्यांनी तरी कॉलेजच सोडलं असतं. ब्रायनीला निवडून दिलं होतं ते त्या मुलांनी. दोन्हीला पुरतील इतके पैसे नव्हते. चहाच्या वेळी ती स्वतःच पिकल्सकडे गेली. बस राहणार असेल तर माझं मत घ्या, म्हणाली. आणि तसं आधी कागदावर लिहून घेतलं.

"विकलंस," सर म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "त्या घरं विकणाऱ्याला तू मला विकलंस. मी तुला त्यावर हसायला शिकवलं होतं, ते करायला नाही."

"मला त्यात कधीच हसू आलं नाही, सर. त्या लोकांना पूल हवाच असेल की."

ती हे उद्धटपणे म्हणाली नाही. तेच सरांना जास्त झोंबलं. तिचे डोळे लाल होते, हे त्यांना आत्ता दिसलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"आणखी एक मत असतं ना, तर मला हे करावंच लागलं नसतं," ती म्हणाली. "दोन्ही राखायचा काहीतरी मार्ग निघाला असता. माझ्या शेजारची शिक्षकांच्या प्रतिनिधीची खुर्ची रिकामी होती. का, म्हणून मी विचारलं."

सर बशीतल्या अर्ध्या बिस्किटाकडे पाहू लागले.

"ऑर्मरॉड मॅडम म्हणाल्या, दोन वर्षं तुम्हालाच विचारत होते. विदूषकांच्या पंगतीला मी बसत नाही, म्हणालात."

म्हणाले होते. स्टाफरूम आठवडाभर हसली होती त्यावर, आणि सरांनी ते वाक्य नंतर दोनतीन वर्गांतही ऐकवलं होतं.

"बस जाईल माझी," ब्रायनी म्हणाली. जिन्याशी थांबून तिनं विचारलं, उद्या सिनेटचंच पुढं घ्यायचं का. उत्तराची वाट न पाहता ती उतरून गेली.

दाराच्या फटीतून पिकल्सचा तो गोड, गिऱ्हाईक पटवणारा आवाज येत होता. शेवटचा विषय, तो म्हणत होता. शिक्षकांच्या प्रतिनिधीची जागा. दोन वर्षं कोणी उभंच राहिलेलं नाही, तेव्हा ती रद्दच करावी अशी सूचना आहे. बाजूनं कोण?

खुर्च्या करकरल्या.

थ्वेट सर दोन ढांगांत दाराशी पोचले. आत जायचा हक्क नव्हता, निदान दार तरी वाजवावं म्हणून त्यांनी हात वर केला. आत जाऊन म्हणायचं काय, ते सुचेना. हात तसाच वर राहिला.

"विरुद्ध कोणी?" पिकल्सनं विचारलं, आणि रीतीप्रमाणे क्षणभर थांबला.

"कोणी नाही."