कामसू कानाचा दागिना

कान टोचून घ्यायचा होता मुलीला. टोचला गेला बापाचा.

बाप म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, शिलाईचे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं आल्टरेशनचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांच्या पोटांचा इतिहास त्यांना पँटांच्या कमरेवरून तोंडपाठ होता. मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली. निघायच्या आधी तिला एकच गोष्ट हवी होती: कानाच्या वरच्या कडेला, जिथं हाताला कडक लागतं तिथं, एक बारीकसा खडा.

"बाबा, तू चल बरोबर. एकटीला भीती वाटते."

मास्तर गेले. टोचणारी मुलगी मनगटापासून खांद्यापर्यंत गोंदलेली होती, पण बोलायला लोण्यासारखी. तिने पाकीट फाडून सुई काढली मात्र, लेकीचा चेहरा धुतलेल्या अस्तरासारखा पांढरा पडला.

"त्यात काय एवढं?" मास्तर म्हणाले. "मी दिवसभर टोचतच असतो. बघ, आधी मी बसतो."

"कुठला कान, काका?"

"उजवा," मास्तर म्हणाले. विचार करायला त्यांना श्वासभरही वेळ लागला नाही.

सुई गेली. मास्तरांनी हूं की चूं केलं नाही. कौतुकाच्या अपेक्षेने त्यांनी वळून पाहिलं, तर लेक जागेवर नव्हती. ती बाहेर पायरीवर गुडघ्यात डोकं घालून बसली होती आणि रस्त्यावरचा एक कुत्रा तिची समजूत काढत होता.

तर अशा रीतीने खडा बापाच्या कानात राहिला आणि लेक तशीच गाडीत बसली. जाताना म्हणाली, "काढू नकोस हं. मी धीर गोळा करून येते, मग दोघं मिळून मिरवू." मास्तरांनी हो म्हटलं. तिच्या वाटची भीती आपण कानात सांभाळून ठेवलीय, असं त्यांना वाटायचं, आणि ते त्यांना आवडायचं.

आता उजवाच का, ते सांगायला हवं. मास्तरांचा डावा कान बरेच दिवस संपावर होता. मशीनच्या घरघरीने म्हणा, वयाने म्हणा, त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. दिसायला अगदी धडधाकट. पण दागिना काम करणाऱ्याला मिळावा, नुसतं बसून खाणाऱ्याला नाही, असं मास्तरांचं मत होतं.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मागे मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा लेक चांगली चालून आलेली नोकरी सोडून घरी बसली होती, थेंब घालायला. घरात दोघंच, दुसरं कोण घालणार, असं तिचं म्हणणं. डोळा बरा झाला, नोकरी मात्र गेली ती गेलीच. तेव्हाच मास्तरांनी ठरवलं होतं की यापुढे जो अवयव बिघडेल त्याने मुकाट्याने बिघडावं, पोरीच्या कानावर जाता कामा नये.

दुकानात या खड्याचं स्वागत काजवाल्याने केलं. हा माणूस मास्तरांच्या शेजारी बसून आयुष्यभर काजं आणि बटणंच करत आला होता.

"मास्तर, काज छान झालंय. बटण कधी?"

"काम कर."

"नाही, लोक चूक झाल्यावर कानाला खडा लावतात असं ऐकून होतो. तुम्ही आधीच लावून ठेवलात. हुशारी म्हणतात ती हीच."

पण काज काही बरं होईना. खड्यामागे लाल गाठ आली, वाटाण्याएवढी. स्पर्श झाला की ठणका थेट दाढेपर्यंत जायचा. मास्तरांनी टोचणारीला फोटो पाठवला. तिने बजावलं: मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, फिरवू नका, चाळा करू नका, त्या कुशीवर झोपू नका. मास्तरांनी सगळं केलं. उजव्या कानावर जन्मभर खोचलेली पेन्सिल डाव्या कानावर नेली. तेवढंच त्याला काम. झोपायला त्यांनी मधे भोक असलेली उशी शिवली. पहिल्या उशीचं भोक जरा सैल झालं आणि सकाळी मास्तरांचं डोकं त्यात गळ्यापर्यंत गेलेलं सापडलं. दुसरी उशी नीट मापाची झाली. इतकी नीट की काजवाल्याने स्वतःसाठी एक मागून नेली, भोक कशासाठी ते न विचारता.

तरी गाठ तशीच.

रोज संध्याकाळी, कामातून सुटल्यावर, लेकीचा फोन यायचा. "कान कसा आहे?" ती विचारायची, आणि तिचा प्रश्न मशीनच्या आवाजात ऐकू यावा म्हणून मास्तर फोन उजव्या कानावर घट्ट दाबून धरायचे. मग डोळ्यांत पाणी आणून सांगायचे, "एकदम बरा." थोडक्यात, विचारपूसच कानाला बाधत होती. एकदा त्यांनी फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला होता. पण काजवाल्याने मधेच तोंड घालून लेकीला तिच्या साहेबाशी कसं वागावं यावर इतका सविस्तर सल्ला दिला, की मास्तरांनी पुन्हा ते नाव काढलं नाही.

सुट्टी मिळाल्यावर लेक आली. दारातच तिने बापाचा कान पाहिला, पिशवी खाली ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता त्यांना टोचणारीकडे घेऊन गेली.

टोचणारीने दिवा जवळ ओढला. "पू नाहीये, ते बरंय. पण यावर रोज काहीतरी दाबलं जातंय. या कुशीवर झोपता?"

"छे! उशीला भोक आहे."

"हेल्मेट?"

"पायी जातो."

"मग फोन? कुठल्या कानाला लावता?"

मास्तर आरशात पाहू लागले.

"डाव्या कानाला लावत जा ना, काका. हे असंच चाललं तर मला खडा काढावा लागेल."

"लावतो की डाव्यालाही," मास्तर घाईघाईने म्हणाले, आणि विषय बदलावा म्हणून तिला उशीचं माप समजावून सांगू लागले. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की टोचणारी आपल्याकडे बघतच नाहीये. तिची नजर त्यांच्या डाव्या खांद्यामागे होती. मग लेक हळूच फिरून समोर आली.

"बाबा, मी आत्ता काय म्हटलं?"

मास्तरांनी अंदाज ठोकला. "हो हो. जाताना घेऊ."

"मी म्हटलं, तुझ्या पँटची शिवण मागून उसवलीय."

मास्तर ताडकन उठले आणि दोन्ही हात मागे नेऊन चाचपू लागले.

"बस. शाबूत आहे," लेक म्हणाली. "पण शिंप्याला असं सांगितलं आणि तो हललासुद्धा नाही. दोनदा सांगितलं, बाबा. तुझ्या डाव्या कानाशी लागून, कुजबुजत."

मास्तर बसले. टोचणारी उगाचच कापसाचे बोळे मोजू लागली.

"कधीपासून?"

"झाले असतील बरेच दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर गेली असतीस?"

"नसते गेले!" तिचे डोळे भरून आले. "आणि आता येतेय परत. उद्याच कळवते तिकडे."

"हे बघ, हेच," मास्तर म्हणाले. "हेच नको होतं मला. डोळ्याच्या वेळी तू एक नोकरी दिलीस. आता कानाला दुसरी. अजून गुडघे आहेत, दात आहेत. माझ्याकडे अवयव पुष्कळ आहेत गं, तुझ्याकडे नोकऱ्या कुठं आहेत तेवढ्या?"

लेकीला रडता रडता हसू फुटलं. तिने ओढणीने नाक पुसलं. बापाचा सुजका कान पाहिला, मग न सुजलेला. दुसऱ्याला बघून तिला जास्त वाईट वाटलं.

"मग कानाच्या डॉक्टरकडे जायचं. मशीन लावायचं म्हणाले तर लावायचं."

"चारचौघांत? म्हातारा दिसेन."

"घाबरतोस?"

"मी? मी कशाला घाबरू?" मास्तर म्हणाले, आणि बोलणं तिथंच सोडून दिलं. कारण घाबरत होते.

लेकीने बापाला दंडाला धरून खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. चेहरा पुन्हा अस्तर झाला होता, पण ती बसली.

"मी टोचून घेते. तू डॉक्टरकडे जायचंस. नोकरी राहू दे तिथं. कबूल?"

मास्तर स्टूल ओढून बसले आणि तिचा हात हातात घेतला. तळवा घामाने ओला झाला होता. शाळेच्या पहिल्या दिवशी होता, तसाच. "कबूल," ते म्हणाले.

टोचणारीने पाकीट फाडलं.

ती किंकाळी रस्त्यापलीकडे ऐकू गेली म्हणतात. बाहेर तो कुत्रा उठून उभा राहिला.

आता संध्याकाळी फोन टेबलावरच असतो, स्पीकरवर लावलेला. काजवाल्याला बोलायला बंदी आहे. तो मान डोलावून सल्ला देतो. गाठ बसत चाललीय. डाव्या कानामागे एक लहानसं मशीन आलंय, त्यामुळे पेन्सिलीला दोन्हीकडे जागा राहिली नाही आणि ती सारखी हरवते.

"पण खरं सांगू," मास्तर शोधता शोधता म्हणतात, "पोरीची ती किंकाळी ना, मला मशीन नसतानाही डाव्या कानाने ऐकू आली."

"थापा," काजवाला म्हणतो.

"देवाशप्पथ."

काजवाला दोरा दाताने तोडतो, मास्तरांच्या चेहऱ्याकडे एकदा बघतो आणि म्हणतो, "आली असेल."