ग्राहकाचा हलगर्जीपणा

युएनकायने परत आलेला लॅपटॉप उलटा धरला आणि बैठकीच्या टेबलावर ठोकला. एक तीळ पडला. तो त्याने बोटाच्या टोकावर उचलून सगळ्यांसमोर फिरवला.

"हे बघा आपलं दर्दी गिऱ्हाईक. एवढं महागाचं यंत्र घ्यायचं, आणि त्याच्यापुढे बसून तीळ लावलेली शाओबिंग रोटी तोडायची."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. दुरुस्ती विभागाच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. बऱ्याच यंत्रांत अन्न सापडतच नाही, नुसते पांढरे कण सापडतात, असं त्या म्हणाल्या. सगळ्यांचे कीबोर्ड फुकट बदलून द्यावेत असं त्यांचं मागणं होतं.

"कण म्हणजे कण," युएनकाय म्हणाला. "खाल्ल्याशिवाय कण पडतात कुठून?"

निर्णय सोमवारवर गेला. पण वारा कुठल्या दिशेचा ते सगळ्यांना कळलं होतं. कीबोर्डचा आराखडा युएनकायचा होता. यंत्राची जाडी केसभर कमी करायची म्हणून त्याने बटणांखालच्या दांड्यांचा जीवच काढून घेतला होता. ती केसभर जाडी जाहिरातीच्या फोटोतही दिसत नव्हती, पण तिच्यावर त्याला बढती मिळाली होती. नियमही त्याचाच. बटणाखाली भिंगातून फोटो काढायचा, कण दिसला की 'ग्राहकाचा हलगर्जीपणा' असा शिक्का मारायचा आणि हमीतून हात झटकायचे. बटणं वरच्या पत्र्याला अशी ठोकून बसवलेली की एक बिघडलं तर अर्धं यंत्र बदलावं लागे. त्या खर्चापुढे शिक्का फार स्वस्त होता.

रविवारी तो वडिलांना भेटायला सानचुंगला गेला. हातात अननसाच्या केकची खोकी होती, सोनेरी फीत लावलेली.

"या, केविनसाहेब!" थोरल्या बहिणीने, रुईचूने, दार उघडलं. केविन हे त्याचं ऑफिसातलं नाव, आणि ते ती चघळून चघळून उच्चारायची. "केक आणलास? नळीतून घालू का बाबांना?"

तो दर खेपेला विसरायचा. बाबांनी जन्मभर ट्रक चालवला, जन्मभर सुपारी चघळली, आणि शेवटी त्या सुपारीने त्यांची जीभ आणि स्वरयंत्र दोन्ही नेली. आता नाकातल्या नळीतून दुधासारखं काहीतरी पोटात सोडायचं, तेच जेवण. बोलायचं ते लॅपटॉपवर टाइप करून. मग यंत्र ते वाचून दाखवी. लॅपटॉप युएनकायनेच नववर्षाला दिला होता, आपल्याच कंपनीचा, आणि ही गोष्ट ऑफिसात त्याने आवर्जून सांगितली होती.

आज बाबांच्या मांडीवर लॅपटॉप नव्हता. पोरं गिरगटतात तसली पुसायची पाटी होती.

"लॅपटॉप कुठाय?"

"कपाटात," रुईचू म्हणाली. "बटणं अडकतात. एक दाबलं की दहादा उमटतं, दुसरं उमटतच नाही. देवळापुढे ते बुद्धिबळवाले म्हातारे जमतात ना, त्यांच्यात बाबा काही सांगायला गेले आणि यंत्र बरळत सुटलं. सगळे हसले. पहिल्यांदा बाबाही हसले. आता जात नाहीत."

"मला सांगायचं नाही?"

"मी फोन करणार होते. नको म्हणाले, त्याला कामं असतात. एकटेच बसने गेले दुरुस्तीच्या दुकानात, ही पाटी घेऊन. तिथली पोरगी ओरडून सांगते, आजोबा, यंत्रावर खायचं नाही! जसे काही हे बहिरेच आहेत. बाबांनी नाकातली नळी दाखवली तिला. तर म्हणे, कण सापडलाय, नियम आहे."

युएनकायने कपाटातून लॅपटॉप काढला. खिडकीपाशी जाऊन अडकणारं बटण नखाने उचकटलं. खाली पांढरा कण होता. त्याने तो तळहातावर घेतला आणि अंगठ्याने चुरडून पाहिला. चुरडला नाही. त्याला धार होती, आणि एका कडेला अर्धगोल खाच होती.

ती खाच त्याने स्वतः आराखड्यात काढली होती. बटण ज्या दांडीवर वरखाली होतं, त्या दांडीचं ते टोक होतं. दांडी मोडत होती, आपलेच तुकडे बटणाखाली पाडत होती आणि त्यांच्यातच अडकून बसत होती. महिनोन् महिने टेबलावर आलेले ते सगळे फोटो त्याला आठवले. एकेकाला तो काय काय म्हणाला होता, तेही आठवलं.

"काय निघालं?" रुईचूने स्वयंपाकघरातून विचारलं. "भाताचं शीत?"

त्याने मूठ मिटली. "बघतो."

बाबा त्याच्या तोंडाकडे पाहत होते. मग त्यांनी पाटी ओढली, सावकाश लिहिलं आणि फक्त त्याला दिसेल अशी धरली.

'माझ्याच हातून काही सांडलं असेल. दोष तुझ्यावर येऊ देऊ नकोस.'

त्याने वाचलंय याची खात्री होताच त्यांनी पाटी पुसून टाकली.

युएनकायला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, आणि ती कुठेतरी असेलही. पण पहिल्यांदा आलं ते हायसंच, आणि मग त्याने दुसरं काही येऊ दिलं नाही. मुठीतला तुकडा त्याने खिशात टाकला.

"काय लिहिलं त्यांनी?" रुईचू हात पुसत बाहेर आली.

"काही नाही. नवा देतो पाठवून, त्यात काय." मग तो वडिलांकडे वाकला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "बाबा, नवा येईल. पण या खेपेला जरा जपून वापरा हं."

आणि दोन वर्षांत ज्यांच्या घशाखाली पाण्याचा थेंबही उतरला नव्हता, त्या बाबांनी रुईचूच्या देखत मान डोलावून चूक कबूल केली.