पडद्यावरचं बदक

"वहिनी, प्लाझ्मा टीव्ही घेताय तर एक ध्यानात ठेवा. एकच चित्र तासन्‌तास थांबलं, की पडद्यावर त्याचा डाग बसतो," असं धाकट्या दिरानं दुकानातच बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. आमच्या घरात एका जागी थांबतंय कोण?

तेव्हा माझा सगळा संशय दुकानदारावर होता. तो प्लाझ्माची इतकी तारीफ करत होता, की माल नक्कीच पडून राहिला असणार. नवराही त्यावरच लट्टू. काळा रंग कसा काळाकुट्ट दिसतो म्हणे. मला एलसीडी हवा होता, हलका आणि कमी तापणारा. पण एलसीडीच्या पडद्याला बोट लावलं तर तो पाण्यासारखा थरथरला. आमची ठकू वर्षाची, हाती लागेल ते भिरकावणारी. प्लाझ्माला पुढून काच. शेवटी मीच म्हटलं, "हाच द्या."

"आली एकदाची वळणावर!" नवरा म्हणाला.

मी कामावर असताना ठकूला सासूबाई सांभाळायच्या. माझी एकच अट: पोरीला टीव्ही नको. "अगं, मी दोन पोरं टीव्हीशिवाय वाढवली," त्या म्हणायच्या. "आता मला शिकवतेस?"

एका संध्याकाळी जाहिरातीत पडदा पांढराफेक झाला आणि कोपऱ्यात मला बदक दिसलं. पुसट, राखाडी, चोच वर केलेलं. ठकूच्या गाण्यांच्या डीव्हीडीतलं. गाणी संपली की ते येऊन उभं राहतं आणि कुणी बटण दाबेपर्यंत हलत नाही. फडक्यानं पुसलं, जाईना.

"आई, दिवसा टीव्ही लावता का हो?"

"छे! मला कुठला वेळ?" नजर मात्र ठकूच्या झबल्यावर.

झालं, डोक्यात किडा वळवळायला लागला. घरात शिरले की चपला काढायच्या आधी टीव्हीच्या पाठीला हात लावायची. गरम.

"माझ्या आईची चौकशी लावलीस?" नवरा चिडला.

"बदकाची," मी म्हटलं. पण पोरगी दिवसभर पडद्यापुढे बसते, या विचारानं कामात लक्ष लागत नव्हतं.

एका दुपारी न सांगताच घरी आले. लॅचची किल्ली हळूच फिरवली. पडद्यावर बदक उभं. ठकू तिच्या कठड्याच्या पलंगात, टीव्हीकडे पाठ करून, रडून रडून हिरमुसलेली. आणि सासूबाई जमिनीवर, सोफ्याला टेकून, चेहरा पांढरा, रिमोट लांब पडलेला.

"आई!"

"ओरडू नकोस गं. उठलं की खोली गरगरते. चक्कर येतेय असं वाटलं, की हिला पलंगात ठेवते, गाणी लावून देते. कधी गाणी संपेपर्यंत बरं वाटतं. कधी नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर नात माझ्या हाती ठेवली असतीस?"

नसती ठेवली. मी त्यांना पाणी आणून दिलं.

तपासण्या चालू आहेत. ठकू तूर्त माझ्या बहिणीकडे असते. सासूबाई "आज बरंय" म्हणतात आणि मला ते खरं वाटत नाही.

तुमचं मूलही कुणाच्या तरी भरवशावर घरी असेल. आई, सासू, मावशी, कुणीही. "मला काय धाड भरलीये?" असं म्हणणारी. आज जरा लवकर घरी जा, न सांगता. आणि मुलाला उचलून घ्यायच्या आधी तिला उभं राहून दाखवायला सांगा.