वाळवीने सोडलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. शब्दाचा अर्थ तर सांगतोच, पण तो लॅटिन भाषेतून आला असेल तर तेही सांगतो. मुंबईच्या छापखान्यात जन्मलो तेव्हा अंगावर लाल कापडाची बांधणी होती, आणि खोटं कशाला बोलू, थोडा तोराही होता.

कोकणकिनाऱ्यावरच्या आगरदांडा गावातल्या शाळेत मुलं हात धुऊन मला उघडत. स्वातंत्र्यानंतर तिथला इंग्रजीचा वर्ग बंद झाला आणि मला कोणी विचारेना. पाण्याच्या माठाची तिवई एका बाजूला कलत होती, म्हणून मला तिच्या पायाखाली सरकवलं. ओलीत पडून वाळवी लागली. फार वाईट वाटायचं.

१९५३ साली एका सकाळी नीराबाई कोळीण तार घेऊन शाळेत धावत आली. तिचा नवरा तुळशीराम विषमज्वराने मुंबईच्या इस्पितळात होता. तार म्हणजे मरणाचीच खबर, असं तेव्हा सगळा कोळीवाडा धरून चालायचा. मागोमाग बायका रडतच आल्या.

"तार आली म्हंजे संपला गो! बांगड्या उतरव," शेजारची ठमाबाई म्हणाली.

नीराबाईच्या उजव्या हातातल्या बांगड्या लग्नातच दर्याला वाहिलेल्या होत्या, धन्याला सांभाळ म्हणून. आता डाव्या हातातल्या तेवढ्या होत्या. तो हात तिने पदरात घट्ट धरला.

हरेश्वर गुरुजींनी तार वाचली. "तुळशीराम कॉन्व्हलेसंट." हे विशेषण त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी तिवई उचलून मला बाहेर ओढलं. पान सापडलं, पण अर्थाची ओळ वाळवीने फस्त केली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली एवढंच उरलं होतं : 'मूळ लॅटिन व्हॅलेरे, बळ असणे; त्यावरून, बळ धरू लागणे.'

गुरुजी घुटमळले. "अर्थ गेला, नीराबाई. मूळ तेवढं आहे. बळ धरू लागणे."

"बल?" नीराबाईने डोळे पुसले. "गुरुजी, मेलेल्या मानसाला कसला बल? माजा धनी जित्ता हाय!"

तीन आठवड्यांनी तुळशीराम बोटीतून उतरला, काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. नीराबाईने त्याला घरी नेण्याआधी शाळेत आणलं आणि त्याचा हात माझ्या त्या पानावर ठेवला. हात हडकुळा होता, पण ऊबदार होता. इतकी माया मला कधी मिळाली नव्हती.

मित्रांनो, नको झालेलं पुस्तकसुद्धा ओलीत टाकू नका. वाळवी आणखी एकच ओळ खाली उतरली असती, तर नीराबाईने जित्या नवऱ्याच्या नावाने बांगड्या फोडल्या असत्या.