डिंक न घातलेला चुना

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. जत्रा तोंडावर आली, तसं मच्छिंद्र रंगाऱ्याला तीर्थपुरीजवळच्या एका गावातून बोलावणं आलं. देवळाच्या भिंतीला दरसाल चुना बसायचा. यंदा तो खपल्या धरू लागला होता. मच्छिंद्रनं खरवडायला घेतलं आणि दुपारपर्यंत कैक पुटांखालून एक मिशी बाहेर आली.

मिशीमागून अख्खी मैफल निघाली. झिंगलेले सरदार! एकजण सुरई स्वतःच्या कानात ओततोय, दुसरा शेळीच्या गळ्यात पडून रडतोय, तिसऱ्याचं तोंड कुत्रं चाटतंय आणि गडी खुशीत हसतोय. मिशीचा केसन् केस वेगळा. मच्छिंद्रनं वीस वर्षं जालन्यात दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, पण अशी रेघ त्याच्या हातून सात जन्मांत उतरली नसती. कोण होता हा बाबा? नावसुद्धा टाकलं नव्हतं त्यानं. मच्छिंद्रचे हात आपसूक जोडले गेले.

बघायला गाव लोटलं. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. तेवढ्यात साळूबाईनं मधोमध पेंगत बसलेल्या आणखी एका सरदाराकडं बोट केलं. फेटा पडू नये म्हणून त्यानं तो काखेत गच्च धरला होता.

"अगं बाई, हे तर आपले अप्पाराव पाटील!"

देवळाचे पंच अप्पाराव बाजारच्या दिवशी पिऊन नेमके तसेच घरी यायचे. एकच हशा पिकला. अप्पाराव मागंच उभे होते.

"देवाच्या भिंतीवर दारुडे? चुना मार, आजच्या आज. बिलकुल दिसलं न्हाई पाह्यजे!"

"पाटील, असं काम पुन्हा व्हायचं न्हाई..."

"मार म्हणलं ना!"

मच्छिंद्रचा जीव तुटला. त्यानं चुना कालवला, पण डिंक घातला नाही. डिंकाशिवाय चुना भिंत धरत नाही, वाळला की हाताला लागतो. पुढंमागं कुणीतरी पुसेल, एवढीच त्याची आशा.

दिवस मावळताना अप्पाराव एकटेच आले आणि त्यांनी भिंतीला हात टेकला. तळवा पांढरा झाला; तळव्याच्या जागी काखेतला तांबडा फेटा उघडा पडला. सामान आवरणाऱ्या मच्छिंद्रनं हातातला कुंचला खाली ठेवला.

अप्पारावांनी तळव्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं. डोक्याचा फेटा सोडला आणि त्याच्या शेवानं हळूहळू पुसू लागले. मिटलेले डोळे आले, ओघळलेलं तोंड आलं.

"मच्छिंद्रा," ते कसेबसे बोलले, "मी तवा जन्मलो बी नव्हतो. मंग ह्यानं मला कुठं पाह्यलं?"

अप्पारावांनी फेट्याचा दुसरा शेव मच्छिंद्रच्या हातात दिला.

"धर. तिकडून तू पूस. जपून."