बिनखताचा शाळू

कमी युरियावर भरघोस येणारा शाळूचा वाण काढायचा, या एका वेडापायी समीक्षाची उमेदीची वर्षं गेली. कराडच्या ज्वारी संशोधन केंद्रातले लोक हसायचे. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणत ती राबायची. पण यंदाची पेरणी शेवटची, असं साहेबांनी सांगूनच टाकलं होतं. माण तालुक्यात धनाजीच्या रानात तिनं साध्या शाळूच्या मधोमध आपल्या वाणाची एक ओळ पेरली आणि तिथं खताचा कणही टाकायचा नाही, असं त्याला बजावलं.

शाळू पोटरीत आला तोच पिवळा पडून. मधली तिच्या वाणाची ओळ तेवढी हिरवीकंच! समीक्षाला आनंदानं रडूच कोसळलं. डोळे पुसून पाहते तर हिरवेपणा ओळ सोडून शेजारच्या साध्या शाळूवरही चढलेला, मेंढ्यांच्या वाडग्यासारखा गोल. भर उन्हात तिथली माती गार होती.

"धनाजीमामा, पेरणीआधी इथं मेंढ्या बसवल्यात ना?" तिनं विचारलं. रात्रभर कळप बसवून रान खतवायची तिकडची जुनी रीतच.

"बिरोबाची आन, मॅडम. मेंढरंच ऱ्हायली न्हाईत, बसवू काय?"

बांधावरून त्याची आई, आक्काताई म्हणाली, "आमचं मालक दरसाली पैल्यांदा हितंच बसवायचं. रोगानं समदा कळप एका दुपारी गेला, पोरी. वड्यापल्याड पुरलाय. पर मेंढरांची बसायची सवय मोडली न्हाई."

समीक्षा हसली, पण तिला ते हसू पेललं नाही. माती खतवलेली असेल तर वाण खोटा ठरणार होता.

तिनं त्या ओळीचं बी कराडला आणलं आणि आपल्या इमारतीच्या गच्चीवर, धुतलेल्या वाळूच्या कुंड्यांत लावलं. वाळूत कुठलं आलंय नत्र, कुठलं खत? तरीही शाळू हिरवागार वर आला. म्हणजे गुण बियाण्यातच! ती गच्चीभर नाचली आणि नाचता नाचता थबकली. कुंड्यांभोवती लेंड्या पडल्या होत्या, अजून ओल्या. गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली तिच्याचजवळ.

तिनं झाडून काढलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

कणसं भरली तेव्हा साहेबांचा फोन आला. बी गावोगाव वाटायचं ठरलं होतं.

"खत नक्की नव्हतं ना?"

समीक्षानं कुंड्यांभोवतालच्या लेंड्यांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांचं हसं तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"कणभरही नाही, सर."

कणसं झोडून भरलेली बियाण्याची पिशवी उराशी धरून ती गच्चीचा जिना उतरू लागली, तशी तिच्या मागून खुरांची टपटप एकेक पायरी उतरू लागली.