चौदावी

मंगळवारी दुपारी जनरल दॅस्त्राकची चिठ्ठी आली : दाढ सुजली आहे, उद्या जेवायला येणं जमणार नाही. प्रिन्सेस लेओकादीनं ती लेकीपुढे टाकली.

"चौदावी, उद्या तुझं पान. निळा झगा घाल. आणि कादंबऱ्यांबद्दल बोलू नकोस. तू त्या खरंच वाचलेल्या असतात, लोक ओशाळतात."

"बरं, प्रिन्सेस," एर्मांस म्हणाली.

दर बुधवारी प्रिन्सेस आणि तिचे तेरा पाहुणे जेवायला बसत. एखादा गळला की उरत तेरा. आणि तेराजण एका टेबलाशी बसले की वर्षाच्या आत एक जातो, हे पॅरिसातले नास्तिकसुद्धा मानायचे. मग वरच्या खोलीतून एर्मांसला बोलावणं यायचं. एरवी तिचं ताट वर जायचं. वयाच्या अडतिसाव्या वर्षीही ती आईला चारचौघांसारखं 'प्रिन्सेस' म्हणे, अहोजाहो करी. कुणाची तरी दाढ दुखावी असं तिला दर मंगळवारी वाटायचं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

बुधवारी पहाटे प्रिन्सेस झोपेतच गेली.

घरोघर निरोप गेले. संध्याकाळी सातच्या ठोक्याला तेराही जण सांत्वनाला आले. गालाला फडकं बांधून जनरलसुद्धा. अकरा वर्षांच्या सवयीनं पाय त्यांना थेट जेवणघरात घेऊन गेले आणि जो तो आपापल्या खुर्चीमागे उभा राहिला. मासा सकाळीच येऊन पडला होता. म्हाताऱ्या बटलर फिरमाँलाही दुसरं काही सुचेना, त्यानं तो वाढायला आणला. मग कुणीतरी खुर्च्यांमागची डोकी मोजली : तेरा. कुणीच बसेना.

"मी आलो म्हणजे तुमचं पान गेलं की," जनरल दाराशी उभ्या असलेल्या एर्मांसला फडक्याआडून म्हणाला. "माफ करा हं."

"प्रिन्सेस घरातच आहेत ना?" प्रोफेसर पाँसलॅ म्हणाले. "मग झालो चौदा."

"वरच्या मजल्यावरचं कसं धरायचं?" म्हाताऱ्या काउंटेसनं विचारलं.

"जिन्यानं काय फरक पडतो?"

"मग माझ्या वरच्या भाडेकरूलाही धरा."

हात वर करून मतं घेतली. सहा विरुद्ध सहा. जनरलनं मत तोंडी दिलं, पण फडक्याआडून ते कुणाला कळलं नाही.

"मासा निवतोय," फिरमाँ म्हणाला आणि त्यानं प्रिन्सेसची खुर्ची एर्मांससाठी मागे ओढली.

ती बसली. तेराजणांनी एकदम सुस्कारा सोडला, खुर्च्या सरकल्या, काटेचमचे वाजू लागले. टेबलाच्या या टोकाशी ती पहिल्यांदाच बसत होती. इथून सगळे दिसत. तिची नेहमीची कोपऱ्यातली जागासुद्धा.

तिनं काटा खाली ठेवला आणि छताकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली. "एकदा तरी डोकी मोजायच्या आधी मला हाक मारायची होतीस."